करंट देऊन मुलं उभी राहतात का? डी८ इंज्युरी झालेल्या मुलीच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी नऊ वर्षांची, गच्चीवरून पडली, डी८ ला मार (डी म्हणजे छातीमागचे मणके, एल म्हणजे त्याखालचे कमरेचे), ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं, पाय स्वतःहून अजिबात हलत नाहीत पण रात्री आपोआप उडतात, आणि तुम्ही एक व्हिडिओ बघितलात ज्यात एवढीच एक मुलगी मांड्यांना वायरी लावून वॉकर धरून उभी राहते, तर आपल्या मुलीलाही असं उभं करता येईल का, आणि क्लिनिकवाले सहा महिन्यांचं पॅकेज सांगतायत ते घ्यावं का.

आधी सरळ उत्तर देतो. उभं करता येण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे. तुम्ही मनात जे चालणं धरलंय तसं चालेल का, तर नाही, करंट बंद केला की पाय पुन्हा होते तसे. आणि पॅकेजचे पैसे आज भरू नका, आधी काही गोष्टी तपासून घ्यायच्या आहेत ज्यातल्या बऱ्याचशा सरकारी हॉस्पिटलात जवळपास फुकटात होतात. मी लहान मुलांच्या रिहॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

करंट नक्की कुणाला लागतो हे आधी समजून घ्या कारण सगळा खेळ तिथेच आहे. मेंदूतून निघालेली एक नस कॉर्डमधून, म्हणजे मणक्यांच्या आतल्या मज्जारज्जूतून, खाली येते, कॉर्डच्या खालच्या भागातल्या एका पेशीला निरोप देते आणि त्या पेशीतून दुसरी नस निघून थेट मांडीच्या स्नायूत जाते. डी८ ला मार बसला की पहिली नस तुटते. दुसरीला धक्का लागलेला नसेल तर ती तशीच शाबूत असते, फक्त तिला हुकूम देणारं वरून कोणी उरत नाही. आपण कातडीवर पॅड चिकटवून जो करंट देतो तो स्नायूला नाही, या दुसऱ्या नसेला लागतो आणि ती स्नायूला आकसायला लावते. म्हणजे दुसरी नस जिवंत असेल तरच हे मशीन कामाचं. ती मेलेली असेल तर कितीही महागडं मशीन आणा, मांडी ढिम्म राहणार.

आता यातला एक उलटा भाग बघा. लोकांना वाटतं इजा जितकी खाली तितकं बरं, आणि एरवी ते खरंही आहे, पण या मशीनच्या बाबतीत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे गुडघा सरळ ठेवणाऱ्या क्वाड्रिसेप्सला, चालवणाऱ्या पेशी कॉर्डच्या एल२ ते एल४ या भागात असतात, पण कॉर्ड मणक्यांपेक्षा आखूड असते, ती एल१-एल२ च्या आसपास संपते, त्यामुळे या पेशी प्रत्यक्षात डी११-डी१२ च्या हाडाच्या पातळीत बसलेल्या असतात. आणि उंचावरून पडणाऱ्या माणसाचा मणका सगळ्यात जास्त कुठे तुटतो तर नेमका डी१२-एल१ ला. तिथे मार लागला तर पहिल्या नसेबरोबर दुसरीच्या पेशीही चिरडतात, पाय लुळे पडतात, ताठरपणा येत नाही, रिफ्लेक्स, म्हणजे ठोकल्यावर आपोआप होणारी हालचाल, येत नाही. स्पायना बिफिडाच्या, म्हणजे जन्मतःच मणका नीट न मिटलेल्या, बऱ्याच मुलांचंही तसंच असतं. मुलीचा मार डी८ ला आहे ही या एका हिशेबात चांगली गोष्ट. आणि रात्री पाय उडतात ज्याला तुम्ही कंटाळलाय, तो स्पॅझम म्हणजे दुसरी नस जिवंत असल्याचाच पुरावा आहे. (पाय हलले म्हणजे सुधारणा झाली असं मात्र धरू नका, बरेच नातेवाईक तिथे फसतात आणि मग कोणी काहीही विकून जातं.)

तपासायचं कसं? गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय झटक्यात वर येतो का बघतात, येत असेल तर निम्मं काम झालं. मग फिजिओ डिपार्टमेंटमधलं साधं स्टिम्युलेटर, ज्याला सगळे पेशंट 'करंटची मशीन' म्हणतात, ते मांडीवर लावून अगदी छोटे झटके द्यायचे, एकेक झटका साधारण ३०० मायक्रोसेकंदाचा. तेवढ्यावर क्वाड्रिसेप्स छान आकसून टाच वर उचलली गेली तर नस शाबूत. छोट्या झटक्याला काहीच नाही आणि फक्त लांबलचक गॅल्व्हॅनिक झटक्याला, म्हणजे मायक्रो सोडा, १०० मिलिसेकंदासारख्याला, स्नायू किड्यासारखा हळूच वळवळला तर नस गेलेली आहे. पाच मिनिटांची टेस्ट आहे. पॅकेजवाल्यांनी ही केली का ते विचारा. केली नसेल तर ते पॅकेज कशाच्या आधारावर सांगतायत ते पण विचारा.

आता त्या व्हिडिओबद्दल. हे काही नवीन नाही, साठ वर्षं जुनी गोष्ट आहे. १९६१ मध्ये लिबरसन नावाच्या डॉक्टरने अर्धांगवायूच्या पेशंटचं लोंबणारं पाऊल चालताना करंटने उचलून दाखवलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळ्या झालेल्या, माणसाला मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंना करंट देऊन उभं केलं. हे कँट्रोविट्झ म्हणजे १९६७ मध्ये अमेरिकेतलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट करणारे सर्जन, माणसाचा आवाका बघा. पुढे युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानाला क्राल्य आणि बाय्द या जोडीने फक्त चार चॅनलवर, म्हणजे करंटच्या चार वेगळ्या वाटांवर, पेशंट चालवले, दोन चॅनल दोन मांड्यांना उभं राहायला आणि दोन गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या नसेला, तिथे झटका दिला की पाय आपोआप आखडून वर येतो, तेच पाऊल. त्याच धर्तीवरचं पॅरास्टेप नावाचं मशीन १९९४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, मान्य केलं. पण हे सगळं मोठ्या माणसांचं.

मुलांवर नीट, शिस्तीत काम झालं ते मुख्यतः अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या श्राइनर्स हॉस्पिटलमध्ये, नव्वदच्या दशकात आणि नंतरची काही वर्षं. रँडल बेट्झ हे तिथले सर्जन, एम. जे. मल्काही या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, थेरीज जॉन्स्टन या फिजिओ, सोबत इंजिनीअर मंडळी. त्यांनी कातडीवरच्या पॅडऐवजी केसासारख्या बारीक वायरी सुईने थेट स्नायूत नसेजवळ सोडल्या आणि त्यांची टोकं कातडीतून बाहेर काढून कमरेच्या मशीनला जोडली. कारण मोठं आहे. पॅडने मांडीचा पुढचा भाग पकडता येतो पण कुल्ल्याचे खोल स्नायू, मांडीच्या आतले स्नायू नीट पकडता येत नाहीत आणि ते नसतील तर मूल कमरेत दुमडतं. शिवाय रोज सकाळी शाळेच्या आधी आठ-दहा पॅड बरोब्बर जागेवर चिकटवायला कुठल्या आईला वेळ आहे.

त्यांचा १९९९ चा जो अभ्यास आहे तो मला या विषयातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पाच मुलं, सगळ्यांना छातीच्या पातळीची कम्प्लीट इंज्युरी, म्हणजे त्याखाली ना हालचाल ना संवेदना. प्रत्येकाला दोन्ही शिकवलं, करंटवर उभं राहणं आणि लांब कॅलिपर (पायाला बांधायच्या आधाराच्या सळ्या आणि पट्टे) घालून उभं राहणं, आणि मग रोजची कामं दोन्ही पद्धतीने करून घेतली, उंच जागेवर बसणं, अडचणीच्या टॉयलेटमध्ये जाणं, वरच्या फळीवरची वस्तू काढणं वगैरे. बहुतेक कामांत मुलं करंटवर कॅलिपरइतकीच किंवा त्याहून जास्त स्वतःच्या बळावर करू शकली आणि मुलांना स्वतःला करंटच जास्त आवडला. आता यात काय नाही ते बघा. कोणी रस्त्यावरून चालत शाळेत गेलं असं कुठेही नाही. चालणं होतं ते वॉकर किंवा कुबड्यांवर, दोन्ही पाय एकदम पुढे टाकून, थोड्या अंतराचं. व्हीलचेअर कोणाचीच सुटली नाही. सुटावी अशी अपेक्षाही नव्हती, उभं राहून एखादं काम दुसऱ्याला हाक न मारता करता यावं एवढाच उद्देश, आणि माझ्या मते तेवढा पुरेसा मोठा आहे.

प्रत्यक्ष कसं होतं ते सांगतो म्हणजे व्हिडिओत जे दिसत नाही ते कळेल. मूल खुर्चीच्या कडेला पुढे सरकून बसतं, पावलं मागे घेऊन सपाट टेकवलेली, घोट्याला एएफओ, म्हणजे ते प्लास्टिकचं स्प्लिंट. हात वॉकरवर. मग पुढे वाकायचं, नाक अंगठ्यांच्या वर येईल इतकं, आणि बटण. करंट एकदम देत नाहीत, दीडदोन सेकंदांत चढवत नेतात, मांड्या आधी थरथरतात मग दगडासारख्या घट्ट होतात, त्याच वेळी मुलाने हातांनी रेटा द्यायचा, गुडघे सरळ झाले की कंबर पुढे ढकलायची. तोल बसला की हातावरचा भार कमी होतो. हे छान दिसतं, व्हिडिओ इथपर्यंतच असतो. त्यानंतर काही मिनिटांत मांडी बारीक लटपटायला लागते, गुडघा किंचित वाकतो, मुलाला ते जाणवत नाही कारण खाली संवेदनाच नाही, त्याला हातावर वाढलेला भार जाणवतो किंवा खाली बघून कळतं. गुडघा पूर्ण जायच्या आत खाली बसायचं, आणि बसतानाही करंट हळूहळू उतरवायचा नाहीतर मूल खुर्चीत आपटतं. आमच्याकडे सुरुवातीला एक थेरपिस्ट पुढे गुडघ्यांना गुडघे लावून आणि एक मागे बेल्ट धरून असतो, एकट्याने हे करायचं नाही, घरी तर नाहीच.

ही दमछाक का होते? आपण उभे असतो तेव्हा शरीर स्नायूच्या तंतूंना पाळीपाळीने कामाला लावतं आणि न दमणारे बारीक तंतू आधी वापरतं. करंट मात्र सगळ्यांना एकाच वेळी उठवतो आणि वर जाड, पटकन दमणारे आधी पकडतो. त्यात महिनोन्महिने न वापरलेला स्नायू मुळातच दमणाऱ्या प्रकाराकडे झुकलेला असतो. म्हणून उभं करायच्या आधी दोनेक महिने तरी मूल बसलेलं किंवा आडवं असतानाच रोज करंट देऊन स्नायू तयार करावा लागतो, काही सेकंद चालू, तितकेच किंवा दुप्पट सेकंद बंद, असं १५ मिनिटांपासून वाढवत. पहिल्या आठवड्यात उभं करून दाखवणारे लोक फोटोसाठी करतात.

आता धोक्याचं, हे नीट वाचा. सव्वा वर्ष पायांवर वजन नाही म्हणजे हाडं विरळ झालेली असणार, आणि आकसलेला क्वाड्रिसेप्स इतका जोर लावतो की विरळ हाड मोडू शकतं, संवेदना नसल्याने मूल रडणारही नाही, फक्त दुसऱ्या दिवशी मांडी सुजलेली आणि गरम दिसेल. दुसरं, खुबा. लहानपणी, विशेषतः दहा वर्षांच्या आत इंज्युरी झालेल्या बहुसंख्य मुलांचा खुबा हळूहळू वाटीतून सरकतो, आणि वाढीच्या आधी इंज्युरी झालेल्या जवळपास सगळ्यांच्या पाठीला बाक येतो, ज्यातल्या बऱ्याच जणांना पुढे ऑपरेशन लागतं. म्हणून दोन्ही खुब्यांचा आणि बसून पूर्ण पाठीचा एक्स-रे काढल्याशिवाय उभं करू नका, ना करंटवर ना कॅलिपरवर, आणि वाढ होईपर्यंत दर सहा महिन्यांनी पाठीवर नजर ठेवा. तिसरं, भाजणं. पॅडचा जेल सुकला किंवा कोपरा उचलला गेला की सगळा करंट छोट्या जागेतून जातो आणि कातडी जळते, मुलीला कळणारही नाही, म्हणून प्रत्येक वेळी पॅड काढल्यावर कातडी बघायची. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक, नाही गेली तर त्या जागी पुन्हा लावायचं नाही. डी६ आणि त्याच्या वरच्या इंज्युरीत करंटमुळे अचानक बीपी भडकून डोकं ठणकू शकतं, तुमची डी८ आहे म्हणून धोका कमी, पण थेरपिस्टला माहीत असलेलं बरं. फिट येत असतील किंवा शरीरात पेसमेकरसारखं काही इलेक्ट्रॉनिक बसवलं असेल तर आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय काही नाही.

गुडघा किंवा खुबा पूर्ण सरळ होत नसेल, घोटा ९० अंशाला येत नसेल, तर करंटचा विचार बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रेचिंग. वाकलेल्या गुडघ्यावर कोणीच जास्त वेळ उभं राहू शकत नाही, मी पण नाही.

ऑपरेशन करून आत मशीन बसवण्याबद्दल पण तुम्ही विचारलंय. श्राइनर्समध्ये तेही करून बघितलं, कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवतात त्या मशीनच्या, तंत्रावर बनवलेली अनेक चॅनलची मशीन बसवली, त्यात उभं राहण्याबरोबर लघवी-संडासच्या नसांवरही काम होतं. तांत्रिकदृष्ट्या सुरेख काम. पण वाढत्या मुलात वायरीला ढील ठेवावी लागते, काही बिघडलं तर पुन्हा ऑपरेशन, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेशंट इतके थोडे की कंपन्या टिकत नाहीत. हाताच्या पकडीसाठीचं फ्रीहँड नावाचं इम्प्लांट १९९७ ला एफडीएने मान्य केलं, लोकांना खरोखर उपयोग झाला, आणि काही वर्षांत कंपनीने ते विकणं बंद केलं, ज्यांच्या शरीरात होतं ते पार्टसाठी वणवण करत राहिले. त्यामुळे आत्ता इम्प्लांटचा विचार करू नका. आणि मणक्यावर करंट देऊन पाय हलवल्याच्या ज्या बातम्या येतात, अमेरिकेतल्या लुइव्हिलचा २०११ चा तो गाजलेला प्रयोग किंवा नंतर स्वित्झर्लंडचे, ती वेगळी गोष्ट आहे, तिथे करंट कॉर्डला देतात, स्नायूच्या नसेला नाही, आणि ते बहुतेक मोठ्या माणसांवरचं, अजून संशोधनातलं काम आहे. तुमचा व्हिडिओ यातला कुठला हे बघा, दोन्हीची खिचडी करून विकणारे आहेत. त्याच टेबलवर स्टेम सेलचं इंजेक्शन पुढे केलं तर उठून या, आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांप्रमाणे स्पायनल इंज्युरीसाठी ते मान्यताप्राप्त ट्रायलच्या बाहेर देताच येत नाही.

मग करंटचा उपयोग फक्त उभं राहायलाच का? नाही, आणि इथेच मला वाटतं तुमच्यासाठी जास्त फायदा आहे. त्याच फिलाडेल्फियाच्या टीमने नंतर ५ ते १३ वयाच्या ३० मुलांवर सायकलचा अभ्यास केला, एका गटाने करंटच्या जोरावर पेडल मारलं, एकाने मोटरने फिरणारी सायकल वापरली, एकाला नुसता करंट, आठवड्यातून तीनदा एक-एक तास, सहा महिने, तेही घरी. ज्यांना करंट मिळाला त्यांच्या मांडीचा स्नायू भरला आणि जोर वाढला. हाडांच्या बाबतीत मात्र गटागटांत ठाम फरक दिसला नाही, त्यामुळे 'करंटने हाडं मजबूत होतात' असं कोणी छातीठोक सांगितलं तर मान डोलावू नका. पण स्नायू भरलेला असणं म्हणजे बसताना हाडाखाली गादी, बेडसोरचा धोका कमी, आणि उद्या काही नवीन उपचार खरोखर आलाच तर त्याला लागणारे पाय शिल्लक. सायकल महाग आहे, पण नुसता करंट दोन चॅनलच्या साध्या मशीनवर घरी देता येतो, एकदा थेरपिस्टने पॅडची जागा मार्करने आखून दिली आणि सेटिंग लॉक केलं की आई करू शकते. आमच्याकडे अनेक आया करतात, टीव्ही चालू असताना.

उभं राहण्यासाठी मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने गेलो असतो. पहिलं म्हणजे आजपासून स्टँडिंग फ्रेम (मुलाला बांधून उभं ठेवणारी चौकट), एक्स-रे ठीक असेल तर, रोज अर्धा-एक तास, उभ्याने अभ्यास किंवा कॅरम, काहीही. फ्रेम गावातला चांगला सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला मापाने बनवून देतो, बाजारातल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. त्याच काळात घरी करंट, बसूनच. कॅलिपर अ‍ॅडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना) अलिम्को या सरकारी कंपनीचे मिळतात, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. दोन-तीन महिन्यांनी मांडीचा जोर बघून मग करंटवर उभं राहण्याचा प्रयोग, तोही जिथे समांतर बार आणि दोन माणसं आहेत अशा ठिकाणी. मुंबईच्या जवळ असाल तर हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन आहे, १९५५ पासून, तिथे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि कॅलिपरचं वर्कशॉप एकाच छताखाली मिळतं. लांब जायची तयारी असेल तर वेल्लोरला सीएमसी या मेडिकल कॉलेजचं रिहॅब सेंटर, ते डॉ. मेरी वर्गीज यांनी उभं केलं ज्या स्वतः पॅराप्लेजिक होत्या आणि व्हीलचेअरवरून ऑपरेशनं करायच्या. तिथे आई-वडलांना सगळं शिकवूनच घरी पाठवतात.

आणि एक विचारतो, रागावू नका. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात लघवीचा उल्लेख कुठेच नाही. सीआयसी, म्हणजे ठराविक वेळाने कॅथेटर घालून ब्लॅडर रिकामं करणं, दर चार तासांनी होतंय का, की डायपरवर आहे? किडनीची सोनोग्राफी शेवटची कधी झाली? मुलगी नऊ वर्षांची आहे, आता स्वतः कॅथेटर घालायला शिकू शकते, आरसा लावून महिन्याभरात बऱ्याच मुली शिकतात, आणि शाळेत आईला मधल्या सुट्टीत धावावं लागत नाही. पॅकेजच्या पैशातला पहिला हिस्सा मी युरोडायनॅमिक टेस्टला, म्हणजे ब्लॅडरमधला दाब मोजणाऱ्या तपासणीला, घातला असता.

पुढच्या व्हिजिटला जाताना एमआरआयचा रिपोर्ट, ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि खुब्याचा एक्स-रे सोबत न्या, आणि डॉक्टरांना दोन गोष्टी लेखी मागा, एक न्यूरोलॉजिकल लेव्हल (मणका डी८ चा तुटला म्हणजे लेव्हल डी८ च असेल असं नाही) आणि दुसरी गुडघ्याचा आणि घोट्याचा रिफ्लेक्स आहे की नाही. ते हातात आलं की मशीन कुठलं, पॅड किती मोठे, करंट किती, हे तुमच्या फिजिओशी बोलून एका बैठकीत ठरतं. तोपर्यंत ऑनलाइन सेलमधलं टेन्स मशीन घेऊ नका, ते दुखणं कमी करायचं असतं, त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चालू-बंदची वेळ लावता येत नाही आणि मांडी उचलायला जोर पुरत नाही.